वाऱ्याने फिरणारा पंख

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात २१० मेगावॉटचे संच आहेत. संच चालू असला की त्याचं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं. त्यात फार कमीजास्त चालत नाही, कारण देशभरच्या विजेची ५० हर्ट्झची लय या फेऱ्यांवर बांधलेली आहे. वाफ पात्यांवर येते, पाती फिरतात आणि त्या फिरण्यातून आपल्या घरात दिवा लागतो. मला ज्या पात्यांबद्दल सांगायचं आहे ती याच कुळातली आहेत. पण त्यांना वाफ लागत नाही, साधा वारा पुरतो. त्या वाऱ्यावर फिरता फिरता ती दोन माणसांना हवेत उचलून धरतात. या यंत्राला जायरोप्लेन म्हणतात.

लांबून पाहिलं तर ते लहानसं हेलिकॉप्टर वाटतं. डोक्यावर दोन लांब पाती, खाली दोन माणसं, मागे शेपटी. पण हेलिकॉप्टरमध्ये इंजिन वरची पाती फिरवतं. जायरोप्लेनचं इंजिन फिरवतं फक्त पाठीमागचा पंखा, आणि तो यंत्राला पुढे ढकलतो. वरच्या पात्यांशी, म्हणजे रोटरशी, हवेत असताना इंजिनाचा काही संबंध नसतो. उड्डाणाआधी धावपट्टीवर उभं असताना त्याला इंजिनाने थोडी गती देऊन ठेवतात आणि मग ती जोडणी सोडून देतात. त्यानंतर तासभर उडा, दोन तास उडा, रोटरला फिरवतो तो फक्त समोरून येणारा वारा.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. वाऱ्याने पवनचक्की फिरते हे ठीक. पण जी पवनचक्की वाऱ्याकडून शक्ती घेते, तिनेच चारशे-साडेचारशे किलोचं ओझं कसं तोलावं? याचं उत्तर उलगडण्यासाठी शेजारी दुसरं एक यंत्र उभं करावं लागतं, ते म्हणजे लाइट-स्पोर्ट विमान. अमेरिकेने २००४ साली या वर्गाचे नियम केले आणि ते मापदंड जगभर रुळले. त्या नियमांप्रमाणे दोन आसनं, एक इंजिन, उड्डाणाच्या वेळचं वजन जास्तीत जास्त ६०० किलो, सरळ उडतानाचा कमाल वेग ताशी २२२ किलोमीटर, आणि ताशी ८३ किलोमीटरपर्यंत वेग उतरला तरी हवेत टिकण्याची क्षमता. या विमानांत आणि आजच्या जायरोप्लेनमध्ये बहुतेक वेळा एकाच घराण्याचं इंजिन असतं, ऑस्ट्रियातल्या रोटॅक्सचं, ८० ते ११५ अश्वशक्तीचं, साध्या पेट्रोलवर चालणारं. इंजिन तेच, माणसं तितकीच आणि वजनातही फार फरक नाही. उरतो तो फक्त पंख, म्हणून ही तुलना इतकी स्वच्छ होते.

स्थिर पंखाच्या विमानाचं सगळं आयुष्य एका अटीवर चालतं. पंखावरून हवा वेगाने वाहिली पाहिजे, आणि पंख विमानाला घट्ट जोडलेला असल्यामुळे हवा वेगाने वाहायची तर अख्खं विमान वेगाने धावलं पाहिजे. वेग कमी झाला तर वैमानिक नाक थोडं वर करतो आणि पंख हवेला जास्त कोनात भेटतो. तेवढ्यावर काही काळ निभावतं. पण हा कोन साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पुढे गेला की पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा सुटते, भोवरे होतात आणि उचल कोसळते. याला स्टॉल म्हणतात. त्यात इंजिन बंद पडलेलं नसतं. इंजिन गर्जत असतं आणि विमान मात्र पडत असतं.

हवा पृष्ठभागाला का चिकटते आणि का सुटते, हे १९०४ साली लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञाने उलगडलं. पंखाला लागून असलेल्या हवेच्या अगदी पातळ थरात सगळं रहस्य दडलेलं आहे, असं त्यांनी दाखवलं. पुढे गटिंगेनला त्यांच्या हाताखाली एक मराठी तरुण शिकून आला. विष्णू माधव घाटगे, जन्म १९०८चा, कोल्हापूर जिल्ह्यातले. त्यांनी बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये भारताचं पहिलं स्वदेशी प्रशिक्षण विमान एचटी-२ उभं केलं. ते ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडालं. आपल्या विषयाशी जास्त नातं आहे ते त्यांच्या पुष्पक या विमानाचं. २८ सप्टेंबर १९५८ रोजी ते प्रथम उडालं. शेजारी शेजारी दोन आसनं, वर पंख, कापडाचं आवरण, ९० अश्वशक्तीचं इंजिन आणि वजन ६०० किलोच्या आसपास. अशी दीडशेच्या आसपास विमानं बांधली गेली आणि देशातल्या फ्लाइंग क्लबांमधून वैमानिक त्यांच्यावर शिकले. अमेरिकेचा लाइट-स्पोर्ट वर्ग जन्मला त्याच्या सेहेचाळीस वर्षं आधी एका मराठी माणसाने जवळपास त्याच मापाचं विमान हवेत नेलं होतं, हे आपल्या शालेय पुस्तकांत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

स्टॉलची भीती दुसऱ्या एका माणसाला फार खोल लागली होती. स्पेनमधल्या मुर्सियाचा हुआन दे ला सिएर्वा. १९१९ साली त्याने बांधलेलं तीन इंजिनांचं मोठं विमान जमिनीजवळ वळताना वेग गमावून बसलं आणि कोसळलं. विमान चांगलं होतं, वैमानिकही चांगला होता. चुकला होता तो फक्त वेग. सिएर्वाने प्रश्न असा घातला: वेग कमी झाला की विमान पडतं, कारण पंखाचा वेग विमानाच्या वेगाला बांधलेला आहे. मग पंखाला विमानापासून सोडवलं तर? विमान हळू जाऊ दे, पण पंख आपला वेगाने फिरत राहू दे.

या एका विचारात अख्खं जायरोप्लेन आहे. आकडे पाहिले की तो किती खोल आहे ते कळतं. आजच्या दोन माणसांच्या जायरोप्लेनचा रोटर साधारण साडेआठ मीटर व्यासाचा असतो आणि मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो. हिशोब केला तर पात्याचं टोक ताशी साडेपाचशे किलोमीटरने धावत असतं, आणि खाली बसलेली माणसं मात्र ताशी साठ किलोमीटरने, नाशिक-पुणे रस्त्यावरच्या एसटीच्या गतीने, शांतपणे द्राक्षबागा बघत जात असतात. उचल वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून इतक्या वेगवान पात्याला फार रुंदी लागत नाही. दोन्ही पात्यांचं मिळून क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे एका सतरंजीएवढं. लाइट-स्पोर्ट विमानाच्या पंखाला त्याच कामासाठी दहा-बारा चौरस मीटर लागतात.

पण ही पाती फिरतात कशी? जत्रेतलं भिरभिरं वाऱ्यासमोर धरलं की फिरतं, कारण त्याची पाती तिरपी दुमडलेली असतात आणि वारा त्यांना ढकलतो. रोटरची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. जायरोप्लेनचा रोटर थोडा मागे कललेला असतो, त्यामुळे पुढे जाताना हवा त्याच्यातून खालून वर जाते. प्रत्येक पात्याला दोन वारे लागतात: फिरण्यामुळे समोरून येणारा, आणि रोटरमधून वर जाणारा. दोन्ही मिळून हवा पात्याला किंचित खालून भेटते. उचल नेहमी येणाऱ्या हवेच्या काटकोनात असते. हवा खालून येत असेल तर उचलही सरळ वर न राहता जराशी पुढे झुकते. हे जरासं झुकणंच पात्याला पुढे ओढत राहतं. शिडाची होडी वाऱ्याविरुद्ध तिरपी पुढे सरकते, त्यामागेही हेच गणित आहे.

मात्र सगळं पातं हे काम करत नाही. मध्याजवळचा साधारण पाव भाग इतका हळू फिरतो की हवा त्याला फार मोठ्या कोनात लागते आणि तो कायमचा स्टॉलमध्ये असतो. ज्या स्टॉलला विमानाचा वैमानिक जिवाच्या आकांताने टाळतो, तो जायरोप्लेनच्या डोक्यावर संपूर्ण उड्डाणभर हजर असतो आणि काही बिघडत नाही! त्याच्या बाहेरचा, अंदाजे सत्तर टक्के लांबीपर्यंतचा पट्टा वाऱ्याकडून शक्ती घेतो आणि रोटर फिरवतो. टोकाकडचा भाग ती शक्ती खर्च करतो, पण त्या बदल्यात उचल पुरवतो. मधल्याची कमाई आणि टोकाचा खर्च जिथे बरोबर जुळतात, त्या फेऱ्यांवर रोटर आपोआप स्थिरावतो. दुसरा माणूस बसला, वजन वाढलं, तर रोटर स्वतःहून वेग वाढवतो. यंत्र वळणावर घातलं आणि भार वाढला तरी वाढवतो. उंचावर हवा विरळ झाली तरी वाढवतो. एकलहऱ्याच्या टर्बाइनला ३००० फेऱ्यांवर धरून ठेवायला गव्हर्नर नावाची अख्खी यंत्रणा राबते. इथे तसं काही नाही. वारा आणि वजन आपसांत ठरवतात.

निसर्गाला ही युक्ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सह्याद्रीत माधवीलता सापडते. तिच्या फळाला तीन पंख असतात. वेलीवरून सुटलं की ते गरगरत, रेंगाळत खाली येतं, आणि तेवढ्या वेळात वारा त्याला आईपासून लांब नेतो.

सिएर्वाची वाट मात्र सोपी नव्हती. त्याची पहिली तीन यंत्रं उडण्याऐवजी एका बाजूला कलंडली. कारण सांगायला सोपं आणि सापडायला अवघड होतं. यंत्र पुढे जात असताना एका बाजूचं पातं वाऱ्याच्या तोंडावर जातं, तर दुसऱ्या बाजूचं वाऱ्याबरोबर मागे सरतं. पहिल्याला वारा जास्त लागतो, दुसऱ्याला कमी. एका बाजूला उचल जास्त, यंत्र आडवं. विचित्र गोष्ट अशी की त्याची लहान प्रतिकृती नीट उडायची. प्रतिकृतीची पाती वेताची होती, लवचिक. मोठ्या यंत्राची कडक. लवचिक पातं जास्त वारा लागला की वर उचललं जातं, आणि वर जाताना त्याचा हवेशी कोन कमी होतो. मागे सरणारं खाली उतरतं आणि त्याचा कोन वाढतो. दोन्ही बाजू आपोआप समान होतात. सिएर्वाने मग प्रत्येक पात्याच्या मुळाशी बिजागरी बसवली. जानेवारी १९२३मध्ये माद्रिदजवळच्या हेताफेला त्याचं चौथं यंत्र उडालं. काही दिवसांतच उड्डाणानंतर लगेच, नाक वर असताना इंजिन बंद पडलं. दुसरं कुठलंही विमान त्या क्षणी कोसळलं असतं. हे यंत्र हळूहळू खाली आलं आणि टेकलं. १८ सप्टेंबर १९२८ रोजी सिएर्वा स्वतः आपल्या यंत्रातून इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सला पोहोचला.

नाशिकच्या माणसाला हे सगळं दूरचं वाटायचं कारण नाही. एकलहऱ्याच्या पश्चिमेला आठ-नऊ किलोमीटरवर गांधीनगरचा विमानतळ आहे. भारतीय सैन्याचे हेलिकॉप्टर वैमानिक तिथल्या कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकतात. नाशिकरोड आणि आसपासच्या गावांना चेतक आणि चीता हेलिकॉप्टरांचा आवाज ओळखीचा आहे. या प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला इंजिनाची शक्ती नसताना उतरायला शिकावं लागतं. तो पात्यांचा कोन झटकन कमी करतो, हेलिकॉप्टर खाली येऊ लागतं, हवा रोटरमधून खालून वर वाहू लागते, आणि ज्या रोटरला आतापर्यंत इंजिन फिरवत होतं त्याला वारा फिरवू लागतो. त्या एक-दोन मिनिटांसाठी ते हेलिकॉप्टर उतरणीला लागलेलं जायरोप्लेनच असतं.

यातल्या चीताची एक हकीकत मला फार आवडते. चीता म्हणजे फ्रान्सच्या लामा हेलिकॉप्टरची भारतात बांधलेली आवृत्ती. २१ जून १९७२ रोजी ज्याँ बूले नावाचा फ्रेंच वैमानिक वजन कमी केलेलं लामा घेऊन १२,४४२ मीटर उंचीवर गेला. एव्हरेस्टच्याही साडेतीन किलोमीटर वर. तिथल्या गोठवणाऱ्या विरळ हवेत उतरायला सुरुवात करताना इंजिन विझलं आणि पुन्हा पेटेना. बूले तिथून थेट जमिनीपर्यंत केवळ वाऱ्याने फिरणाऱ्या रोटरवर आला आणि सुखरूप उतरला. एका उड्डाणात उंचीचा विक्रम झाला आणि इंजिनाविना रोटरवर उतरण्याचाही.

आता तेच संकट आपल्या दोन यंत्रांवर आणू. समजा दोघं एकलहऱ्याच्या डोक्यावर, जमिनीपासून एक किलोमीटर उंचीवर आहेत आणि दोघांची इंजिनं एकाच वेळी थांबली.

जायरोप्लेनकडे अडीच-तीन मिनिटं आहेत. एक मीटर खाली जाताना ते पुढे जाईल जेमतेम तीन-चार मीटर, म्हणजे सगळं मिळून तीन-चार किलोमीटर. गांधीनगरची धावपट्टी त्याच्या आवाक्याबाहेर आहे. पण त्याला धावपट्टी नकोच असते. जमिनीजवळ आलं की वैमानिक रोटर मागे कलवतो, रोटरमध्ये साठलेली फिरण्याची ऊर्जा उचलीत बदलते, यंत्र जवळपास थांबतं आणि दहा-वीस मीटर घरंगळून उभं राहतं. कांदा काढून मोकळं झालेलं एक वावर पुरे.

लाइट-स्पोर्ट विमानाचं उलटं. आपल्या हवाई दलाने, नौदलाने आणि एनसीसीने घेतलेलं स्लोव्हेनियाचं पिपिस्ट्रेल व्हायरस घ्या. २०१५ साली अशा १९४ विमानांचा करार झाला आणि त्यातली निम्म्याहून जास्त एनसीसीच्या मुलामुलींसाठी होती. हे विमान एक मीटर उतरताना सतरा मीटर पुढे जातं. त्याच्याकडे आठ-नऊ मिनिटं आहेत. गांधीनगर सहज, आणि वारा पडलेला असेल तर उत्तरेला ओझरची धावपट्टीदेखील जेमतेम गाठता येईल. पण धावपट्टी मिळाली नाही, तर विमानाला ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरने जमिनीला भेटावं लागतं. जायरोप्लेन त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वेगाने भेटतं. वेग तिप्पट म्हणजे ऊर्जा नऊपट, आणि अपघातात माणसाच्या शरीरावर जातं ते या ऊर्जेचंच ओझं. विमानात यावर उपाय म्हणून मोठं पॅराशूट बसवता येतं, ते अख्ख्या विमानाला लटकवून खाली आणतं. जायरोप्लेनच्या डोक्यावर रोटर फिरत असल्यामुळे तसलं पॅराशूट उघडायला जागाच नसते.

एकलहऱ्याच्या परिसरात मात्र दोघांनाही एक शत्रू सारखाच आहे. वीजकेंद्रातून उच्चदाबाच्या तारा चहूदिशांना गेल्या आहेत आणि बागांमध्ये द्राक्षाच्या मांडवांचे खांब-तार आहेत. वरून तार दिसत नाही. दिसतात ते मनोरे. म्हणून खाली उडणारा शहाणा वैमानिक तार शोधत नाही, तर मनोऱ्यांची रांग शोधतो आणि मनोऱ्याच्या डोक्यावरूनच पलीकडे जातो. चिमण्यांवरचा ऊन धुराचा स्तंभही टाळायचा असतो. तो दिसायला संथ असला तरी त्यात हवा जोरात वर चढत असते.

नाशिकच्या उन्हाळ्याबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. एकलहरे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडं उंच आहे. एप्रिलच्या दुपारी पारा ४०वर गेला की तापलेली हवा फुगते, विरळ होते. वैमानिकांचं गणित लावलं तर तिची घनता प्रमाण वातावरणातल्या सोळाशे मीटरच्या हवेइतकी भरते. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे पंख आणि इंजिन यांच्या दृष्टीने एप्रिलच्या दुपारी एकलहरे कळसूबाईच्या माथ्यावर जाऊन बसलेलं असतं! दोन्ही यंत्रांना धावायला जास्त जागा लागते. जायरोप्लेनला हे जास्त बोचतं, कारण फिरत्या रोटरचा हवेतला अडथळा मुळातच मोठा आहे आणि इंजिनाची बरीच ताकद त्यात जाते. तेवढ्याच पेट्रोलमध्ये विमान बरंच लांब जातं. एकलहऱ्याहून शिर्डी आकाशमार्गे पासष्ट-सत्तर किलोमीटर. चांगलं लाइट-स्पोर्ट विमान वीस मिनिटांत पोहोचेल, जायरोप्लेनला अर्धा तास लागेल. आणखी एक खोड जायरोप्लेनला आहे. उतरायला वीस मीटर पुरतात, पण उडायला शंभर मीटर किंवा जास्त लागतात. जिथे उतरलं तिथून उडता येईलच असं नाही.

त्याच दुपारी वावटळी उठत असताना मात्र जायरोप्लेनमधला प्रवासी जास्त सुखात असतो. विमानाच्या पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर पन्नास-साठ किलो भार असतो, रोटरच्या पात्यावर त्याच्या पाचपट. वाऱ्याचा झोत हलका भार असलेल्या रुंद पंखाला हेलकावे देतो. साडेपाचशेच्या वेगाने धावणाऱ्या अरुंद पात्याला तो फारसा जाणवत नाही.

इतकं गुणी यंत्र मग मागे का पडलं? १९३०च्या दशकात त्याचे दिवस होते. २२ एप्रिल १९३१ रोजी पिटकेर्न कंपनीचं ऑटोजायरो (जायरोप्लेनला तेव्हा असं म्हणत) व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उतरलं. १९३९ साली फिलाडेल्फियाच्या पोस्ट ऑफिसच्या गच्चीवरून ऑटोजायरोने टपाल जात होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने सिएर्वाच्या यंत्रांचा उपयोग किनाऱ्यावरची रडार केंद्रं अचूक लावण्यासाठी केला, तर जर्मन पाणबुड्यांनी बिनइंजिनाचा रोटर दोरीने ओढत, त्यावर टेहळ्या बसवून समुद्रावर नजर ठेवली. पण सिएर्वा ९ डिसेंबर १९३६ रोजीच गेला होता. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून धुक्यात निघालेल्या प्रवासी विमानाच्या अपघातात, वयाच्या ४१व्या वर्षी. तोवर हेलिकॉप्टर जन्माला येत होतं. ते एका जागी थांबू शकतं, सरळ वर जाऊ शकतं. जायरोप्लेन हे करू शकत नाही. आणि हेलिकॉप्टरने बिजागरीपासून बरंच काही सिएर्वाकडूनच घेतलं होतं. जायरोप्लेन वाचलं ते हौशी माणसांमुळे. अमेरिकेत इगोर बेन्सन यांनी १९५०च्या दशकात घरी बांधता येईल असं यंत्र आखलं आणि त्याचे आराखडे विकले. आपल्याकडच्या हौशी बांधकामाचं नाव घ्यायचं तर मुंबईच्या अमोल यादव यांचं. त्यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. ते जायरोप्लेन नव्हे आणि लाइट-स्पोर्टपेक्षा मोठं आहे, पण ध्यास त्याच जातीचा. जायरोप्लेन भारतात अजून दुर्मीळच आहे. २०२३च्या डिसेंबरात उत्तराखंडाने हरिद्वारहून पर्यटकांसाठी त्याच्या सफरींची चाचणी केली, तेव्हा बऱ्याच जणांनी ते पहिल्यांदा बातम्यांत पाहिलं.

अमेरिकेच्या २००४च्या नियमांत एक चमत्कारिक गोष्ट होती. स्पोर्ट परवान्यावर जायरोप्लेन उडवता येत होतं, पण कारखान्यात बांधून तयार विकायच्या लाइट-स्पोर्ट वर्गात त्याला जागा नव्हती. ते स्वतः बांधा आणि उडवा. दोन दशकांनी, २०२५च्या नव्या नियमांनी ते दार उघडलं. मला हा उशीर अन्याय वाटत नाही. त्यामागे खरी भीती होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय ही तुलना पुरी होत नाही.

रोटर फिरतो तो वजन त्याला टांगलेलं आहे म्हणून. वजन खाली ओढतं, हवा रोटरमधून वर येते, पाती फिरतात. आता समजा वैमानिकाने दांडा झटकन पुढे ढकलला. यंत्र टेकडीचा माथा ओलांडल्यासारखं पुढे झुकतं, क्षणभर वजन हरपतं, रोटरवरचा भार जातो, हवा खालून यायची थांबते आणि रोटर मंदावतो. मागचा पंखा मात्र ढकलतच असतो. तो यंत्राच्या गुरुत्वमध्याच्या वर बसवलेला असेल, तर आता अडवायला रोटर नसल्यामुळे तो नाक खाली लोटतो आणि यंत्र पुढच्या बाजूला उलटतं. हे एका-दोन सेकंदांत होतं आणि त्यातून परत येता येत नाही. ब्रिटनमध्ये असे जीवघेणे अपघात वाढले, तेव्हा ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी उपकरणं लावून जायरोप्लेनचं वागणं मोजलं. पंख्याचा जोर गुरुत्वमध्याच्या किती वर किंवा खाली लागतो यावर यंत्राची स्थिरता फार अवलंबून असते, असं त्यातून दिसलं. आजच्या कारखान्यांतली यंत्रं हे अंतर कमी ठेवतात आणि मागे मोठी आडवी शेपटी देतात.

विमानात वेग गमावला, पंख थरथरू लागला, की पहिला धडा असतो: दांडा पुढे. नाक खाली येतं, कोन कमी होतो, हवा पुन्हा पंखाला चिकटते आणि विमान वाचतं. हा धडा इतक्या वेळा गिरवून घेतात की विचार करायच्या आत हात हलतो. तोच हात जायरोप्लेनमध्ये संकटाच्या क्षणी तसाच झटक्याने पुढे गेला, तर रोटरवरचं वजन निघून जाईल. तिथे हात स्थिर ठेवून, इंजिनाचा जोर कमी करून, रोटरवर भार राहू द्यायचा असतो. शेकडो तास विमान उडवलेल्या माणसालाही म्हणून जायरोप्लेनवर एकट्याने जाण्याआधी प्रशिक्षकाला मागे बसवून उड्डाणं करावी लागतात, आणि त्यातला मोठा वेळ जातो तो हाताची जुनी सवय मोडण्यात.